पंपिंग २० टक्के, मग रक्त किती?

हृदयरोग विभागाच्या बाहेर बाकावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘बाबांचं पंपिंग २० टक्केच आहे.’ ऐकणारा मनातल्या मनात ८० टक्के वजा करून मोकळा होतो. हा आकडा येतो टू-डी इकोच्या कागदावरून. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडलं, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो. १०० कुणाचाच नसतो.

टक्केवारी म्हणजे काही रक्त नव्हे. १२० मिलिलिटरच्या कप्प्याचं पंपिंग ६० टक्के असेल, तर ठोक्याला ७२ मिलिलिटर रक्त निघतं. जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये कप्पा फुगून २५० चा झाला, तर त्याचे २० टक्केही ५० मिलिलिटर होतात. मिनिटाला ८० ठोके धरले तर ४ लिटर. बसल्या जागी त्यावर निभतं. पण फुगलेल्या कप्प्याबरोबर झडपही ताणली जाते आणि गळू लागते. त्या ५० मधले २० उलटे फुप्फुसांच्या दिशेनं गेले, तरी कागदावर २० टक्केच राहतात.

पुढे गेलेलं रक्त मोजायला १९७० पासून स्वान-गान्झ नळी आहे. मानेच्या शिरेतून ती हृदयात उतरवतात. प्रत्यारोपण ठरवताना ती आजही लागते. मात्र दाखल झालेल्या रुग्णांना ती सरसकट घालून फायदा होत नाही, हे २००५ च्या एस्केप चाचणीत दिसलं. त्याच इको मशीनच्या डॉप्लरनं महाधमनीच्या तोंडाशी रक्त एका ठोक्यात किती सेंटिमीटर सरकलं ते कळतं. १८ ते २२ ठीक. १० म्हणजे काळजी. दोन मिनिटांचं काम, तरी रिपोर्टात क्वचितच सापडतं.

बीपीचं यंत्रही बरंच बोलतं. ९० वर ७४ असेल तर फरक १६ चा, म्हणजे वरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. अशा वेळी हृदय पुरेसं रक्त देत नसल्याची शंका घ्यायची.

खरी कसोटी मात्र श्रमाची. मास्क लावून सायकल मारायची आणि शरीर ऑक्सिजन किती वापरतं ते मोजायचं. प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या रुग्णांवर डोना मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे केलं. ज्यांचा आकडा किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटरच्या वर होता, त्यांचं प्रत्यारोपण पुढे ढकललं, आणि वर्षभरानं त्यांतले ९४ टक्के हयात होते. खालच्या गटाची अवस्था वाईट होती. पंपिंग मात्र दोघांचं साधारण सारखंच! बीटा ब्लॉकर चालू असेल तर हल्ली ही रेषा १२ वर धरतात. अर्धवट सोडलेली चाचणी धरत नाहीत: बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वापरलेल्या ऑक्सिजनच्या १.०५ पटींवर गेला नसेल, तर रुग्णानं पुरता जोर लावलेला नाही असं समजतात.