दिव्याच्या उजेडात सापडणारा बिघाड

29 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तेव्हा तिच्यावर बरंच लिहून आलं, पण ती रोज सकाळी सुरू कशी राहिली हे कुणी लिहिलं नाही. संपादकांनी तेच शोधायला सांगितलं.

इतिहास थोडक्यात असा. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर 1100 डिलाइट तयार होऊ लागली आणि पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही धावतात आणि अडल्या की उपनगरातल्या एखाद्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात येतात. तशाच एका मिस्त्रींच्या गाळ्यात मी बसलो.

गाडी सुरू होत नाही अशी तक्रार आली की ते पान्याला हात लावत नाहीत. आधी हेडलाइट लावायला सांगतात, मग किल्ली फिरवायला. दिवे एकदम विझले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. दिवे लख्ख राहिले आणि आवाजच नाही, तर सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत, करंट पोचत नाही. मग किल्लीचा स्विच, सोलेनॉइड किंवा त्याची बारीक वायर तपासायची. दिवे मंदावले आणि सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी कमजोर असेल किंवा बुश झिजून आर्मेचर आत घासत असेल. नुसतंच घरघरलं आणि इंजिन हललं नाही, तर सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगच्या दात्यांत बसत नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागीच थांबतं, म्हणून रिंगचे दातेही तिथेच झिजतात. अशी गाडी गिअरमध्ये टाकून जराशी ढकलली की सेल्फ पुन्हा पकडतो. मिस्त्री मात्र तेवढ्यावर मालकाला परत पाठवत नाहीत, रिंग बघून घ्यायला सांगतात.

त्यांचा सर्वांत जास्त संशय अर्थिंगवर असतो. सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. एवढ्या करंटला गंजलेल्या जोडातला ओहमचा शंभरावा भाग आडवा आला, तरी बारापैकी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनच्या अंगावर ठेवून ते सेल्फ मारायला लावतात. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की दोष जोडात. यात चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाण्यापासून वाचतात.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडतं. मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते इथे. आत पॉइंटची एक जोडी असते, मिटणारी आणि उघडणारी. ती मिटली की कॉइलमध्ये करंट वाहतो. उघडली की तो तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. पॉइंटमधली फट असते जेमतेम 0.4 ते 0.5 मिलिमीटर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवरचं असं इग्निशन 1910 च्या कॅडिलॅकसाठी आणलं आणि विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकला दिला. एकाच माणसाची ही दोन कामं अजून एका बॉनेटखाली नांदतात, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

मिस्त्रींचं मुख्य हत्यार म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला, दुसरी अर्थला लावून सेल्फ मारायचा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करतोय. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाही किंवा त्यावर मळ आहे. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाही, कंडेन्सर शॉर्ट झालाय किंवा कॉइलपर्यंत करंट येतच नाही. एका बल्बवर संशयितांची यादी इतकी लहान होते.

पुढचं पॉइंटच्या तोंडावरच वाचता येतं. काळेठिक्कर जळलेले पॉइंट आणि प्लगवर पिवळट, मरगळलेली ठिणगी दिसली की कंडेन्सर गेलेला. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर त्याला सामावून घेतो आणि म्हणूनच कॉइलचा दाब झटक्यात चढतो. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला, तर कंडेन्सरची क्षमता चुकीची असावी. नव्या पॉइंटवर ग्रीसचा ठिपका नसेल तर त्याची कॅमवर घासणारी टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडतं. मालक म्हणतो, सकाळी जास्त सेल्फ मारावा लागतो. पावसाळ्यात झाकणाच्या तड्यात ओल शिरते आणि ठिणगी प्लगऐवजी त्या तड्यातूनच पळते. अंधारात झाकणावर ती दिसते, म्हणून अशी तपासणी दिवे मालवून करतात.

अडचण सुटे भाग आणि माणसं दोन्हींची आहे. नवीन म्हणून आणलेला कंडेन्सर थोड्याच दिवसांत बसतो, तेव्हा मिस्त्री खणातला, चालत असल्याची खात्री असलेला जुना लावून फरक बघतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात, पण त्यातला चांगला ओळखायला नजर लागते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणारेही आहेत. ते झिजत नाही, फट लावावी लागत नाही, हा फायदा खराच. पण ते रस्त्यात गेलं तर बदलण्याशिवाय इलाज नाही. पॉइंट कडेला थांबून पॉलिश पेपरने घासता येतो.

मला खरी भीती वेगळीच वाटते. गाळ्यातला पोरगा पहिल्यांदा कॉइल बदलतो, मग बॅटरी, मग सेल्फ, आणि शेवटी सापडतो तो गंजलेला अर्थ. बिल मालकाला, शिकवण कुणालाच नाही. हे फक्त पद्मिनीचं दुखणं नाही. नव्या गाड्यांत स्कॅनर कोड दाखवतो, पण त्या कोडमागे खराब सेन्सर आहे की सुटलेली वायर, हे माणसालाच शोधावं लागतं. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात पॉइंटचं एक चालतं इंजिन ठेवावं, विद्यार्थ्यांनी त्यात एक एक दोष घालावा आणि बल्बने शोधावा, असं मला मनापासून वाटतं. करंट कुठवर आला आणि कुठे थांबला, एवढं विचारायची सवय लागली की पुढच्या कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडताना तोच प्रश्न आधी येईल, नवा भाग नंतर.