अपस्मारावरील औषधाची पारख

अपस्मार, म्हणजेच फेफरे, हा दैवी कोप नसून मेंदूतील विद्युत्-क्रियेत अकस्मात होणाऱ्या बिघाडाचा विकार आहे. त्यावरील एखादे औषध खरोखर गुणकारी आहे, हे कसे ठरविले जाते?

ही पारख सोपी नाही. फेफऱ्याचे झटके ठरावीक अंतराने येत नाहीत. बहुधा ते वाढले म्हणजेच रुग्ण दवाखान्यात येतो. पुढे ते आपोआप कमी झाले, तरी श्रेय औषधास किंवा अंगाऱ्यास मिळते.

१९३७ च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन येथे मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर सौम्य विद्युत्-प्रवाहाचे प्रयोग करून अनेक रसायने तपासली. त्यांतून फेनिटॉइन हे फारशी गुंगी न आणता झटके रोखणारे औषध हाती आले आणि १९३८ मध्ये रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाले.

माणसांवरील चाचणीत प्रथम काही आठवडे झटक्यांची नोंद ठेवतात. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडतात. एका गटास नवे औषध, तर दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण गोळी मिळते. कोणास काय मिळाले, हे रुग्णास वा डॉक्टरांस ठाऊक नसते. झटके घातक ठरू शकत असल्याने रुग्णांचे चालू औषध सहसा बंद करीत नाहीत. नवी गोळी त्याच्या जोडीला देतात. झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेले रुग्ण कोणत्या गटात जास्त, हे शेवटी पाहतात.

कधी दोन प्रचलित औषधांचीच तुलना करतात. फेनोबार्बिटल हे १९१२ पासूनचे स्वस्त औषध. परंतु त्याने मुलांचे वर्तन बिघडते, अशी शंका होती. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात ९४ मुलांवर फेनोबार्बिटल व फेनिटॉइन यांची तुलना करण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार फेनोबार्बिटलने वर्तनदोष अधिक झाल्याचे आढळले नाही. गरीब कुटुंबांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा होता.

चाचणीतील हीच शिस्त गावातही उपयोगी पडते. झटका कोणत्या दिवशी आला, किती वेळ टिकला आणि गोळी चुकली होती काय, याची नोंद घरी व शाळेत ठेवल्यास डॉक्टरांस योग्य मात्रा ठरविता येते. मात्र झटके थांबले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. तसे केल्यास ते अधिक तीव्रतेने उलटण्याचा धोका असतो. शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी अनेक मुलांचे शिक्षण अखंड चालू राहील.