पथ्य कोणाचे, बंदी कोणाची?

खेळाडूच्या आहारावर इंग्रजीत आणि अलीकडे मराठीतही पुष्कळ लिहिले जाते. त्यात एक प्रकरण हमखास असते : मांस न खाणाऱ्या खेळाडूने पुरेशी प्रथिने कशी मिळवावीत? लिहिणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. खेळाडूने मांस स्वतःहून सोडले आहे. श्रद्धेने म्हणा, प्राणिदयेने म्हणा, प्रकृतीसाठी म्हणा. म्हणजे ते त्याचे पथ्य आहे. ज्याचे ताट दुसऱ्यानेच लहान केले आहे, तो खेळाडू या लेखनात कुठेच नसतो. पथ्य आणि बंदी हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पथ्य माणूस स्वतः पाळतो, बंदी त्याच्यावर लादली जाते. शरीराला हा फरक कळत नाही, ते फक्त हिशेब मागते. समाजाला मात्र तो कळायला हवा.

मी परतूर तालुक्यातील आष्टीला रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे पुस्तकातले प्रथिन आणि घरातली भाकरी यांची गाठ घालून देणारे मला कोणी भेटले नव्हते. ते काम आता माझ्याकडे आले आहे. कारण पहाटे पाचला आष्टीच्या रस्त्यावर जी पोरे धावताना दिसतात, त्यांतली निम्मी माझ्या वर्गातली आहेत. खेळाडू म्हटले की मैदान, बूट, प्रशिक्षक डोळ्यांपुढे येतात. आमचे खेळाडू पोलीस भरतीचे. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. इथे काही सेकंद मागे पडणे म्हणजे पदक हुकणे नव्हे, नोकरी हुकणे. दोन एकर कोरडवाहू किंवा तेवढीही जमीन नसलेल्या घरात या सेकंदांची किंमत काय असते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

हिशेब असा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे साधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला झाली ५० ग्रॅम. पण जो रोज धावतो, वजन उचलतो, त्याचे स्नायू रोज थोडे फाटतात आणि रोज पुन्हा बांधले जातात. त्याची गरज दर किलोला १.२ पासून २ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे त्याच साठ किलोच्या पोराला निदान ७२ ग्रॅम हवीत, नव्वदच्या घरात मिळाली तर उत्तम.

एका विद्यार्थ्याला मी आदल्या दिवशीचे जेवण फळ्यावर मांडायला लावले. पाच भाकरी, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ : प्रथिने ३५ ग्रॅम. वरणातली डाळ फार तर ४० ग्रॅम : तिची ९. शेंगदाण्याची चटणी : ५. दोन कप चहातले दूध : जेमतेम १. बेरीज ५०. वर्गाला वाटले, झाले की! वास्तविक हा आकडा न धावणाऱ्याचा आहे. धावणाऱ्याची तूट किमान २२ ग्रॅमची आणि चांगल्या तयारीसाठी ४० ची. त्यातही ज्वारीतली प्रथिने शिजवल्यावर इतर धान्यांच्या मानाने कमी पचतात. म्हणजे फळ्यावरचे ३५ पोटात गेल्यावर ३५ राहत नाहीत.

याखेरीज दर्जाचा प्रश्न आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याच्या ताकदीने नांगर चालत नाही, तसेच इथे. एक आम्ल कमी पडले की बाकीची असूनही स्नायू बांधला जात नाही. ज्वारीत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की उणे भरून निघते. आपल्या बायकांनी हे रसायनशास्त्र न शिकता केले आहे. ज्वारीच्या पिठात हरभऱ्याचे पीठ घालून केलेले धपाटे, हुलग्याचे माडगे, मटकीच्या घुगऱ्या, तिळाची किंवा कारळाची चटणी यांत हीच बेरीज आहे. अंडी, दूध आणि मांस यांत मात्र नऊही आम्ले पुरेशा प्रमाणात असतात, जोडीदार शोधावा लागत नाही. प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

माझी आजी मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून तारेवर वाळत घालायची. त्या चान्या. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. ते उन्हाने ओढून घेतले की किलोभराचा ऐवज मूठभर चान्यांत मावतो. फ्रीज नाही, वीज नाही, आणि भर पावसाळ्यात हाताला काम नसताना घरात उत्तम दर्जाचे प्रथिन, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व टिकून आहे! वजडी, रक्ती, मुंडी, पाया हे सगळे त्याच हिशेबातले. प्रतिष्ठितांनी नाक मुरडले, पण पोषणशास्त्र नाक मुरडत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची नोंद केली, ती २०१५ साली. योगायोग असा की त्याच वर्षी हे ताट कायद्याने कमी झाले.

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात गाईची कत्तल बंद होती. बैल आणि वळू यांना अटी घालून परवानगी होती. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस बाळगण्यावरील कलम रद्द केले, पण मूळ बंदी राहिली. म्हशीवर ही बंदी नाही. तरीही कायद्याचा कागद एक सांगतो आणि रस्त्यावरची भीती दुसरे. स्वस्तातले मांस गेले, की उरलेले मांस आपोआप महाग लोकांचे होते.

इथे कोणी म्हणेल, खुद्द बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले नव्हते का? सांगितले होते, आणि लोकांनी ते सोडले. पण ते काय होते ते नीट पाहू. पिढ्यान्‌पिढ्या मढे ओढण्याची सक्ती आणि त्याच्या मोबदल्यात मढ्याचेच मांस, हा जो सौदा गावगाड्याने आपल्या माथी मारला होता, तो मोडण्याचा तो निर्धार होता. ज्यांच्या घरात दुसरे काही नव्हते त्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो पाळला. ते पथ्य होते आणि ते आपले होते. २०१५ चा निर्णय आपल्याला विचारून झालेला नाही. दोन्हींत ताटातली वस्तू जवळपास सारखी दिसते म्हणून दोन्ही एक मानणे ही लबाडी आहे.

आपल्यातलेही काही जण धम्माच्या नावाने मांस सोडतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि मी त्यांचा आदर करतो. मात्र देह झिजवून काही हाती लागत नाही हे कळल्यावर सिद्धार्थाने उपास मोडला होता, एवढे धावणाऱ्या पोराला उपदेश करण्यापूर्वी आठवावे.

‘तालमीतले मल्ल दूध-बदामावरच पोसले’ असेही ऐकवले जाते. अंशतः खरे आहे. तालमीतला खुराक म्हणजे शेरांनी दूध, तूप, बदामाची थंडाई. दूध हे उत्तम प्रथिन आहे. पण अर्ध्या लिटर दुधात ती सोळा-सतरा ग्रॅमच. ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्याला हा शाकाहार परवडतो. ज्याच्याकडे दावणच नाही त्याला तोच शाकाहार उपासमारीकडे नेतो. शाकाहाराला वर्ग असतो, ही गोष्ट आहारशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

ताटाची वेगळी पंगत खेळालाही नवी नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारा संघ त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात देई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. (१९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हा निराळा विषय.) २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि त्याविरुद्ध तिथेच बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. मातीचे भांडे गेले, टेबल आले. मी शिकत होतो त्या शहरात खोली देताना घरमालक प्रथम जात विचारीत नसत, ‘काय खाता?’ एवढेच विचारीत. उत्तरावरून पुढचे त्यांना कळत असे.

बंदी उठेपर्यंत पोरांनी थांबायचे काय? भरतीची तारीख थांबत नाही. म्हणून आष्टीच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून तूट कशी भरायची ते सांगतो.

पहिली वस्तू आपल्या शिवारातच उभी असते : सोयाबीन. याच्या दाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने, आणि लायसिनही भरपूर. पण आपण ते पिकवतो, मोंढ्यावर घालतो, कारखान्यात तेल निघते आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ती कोंबडी आणि तिचे अंडे मग आपण विकत घेऊ शकत नाही. शेतमजुराने काढलेले प्रथिन कोंबडीच्या तोंडून फिरून श्रीमंताच्या ताटात पोचावे, असा हा प्रवास आहे. घरी वापरताना एक सावधगिरी : कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. म्हणून ते रात्रभर भिजवून नीट उकडावे, किंवा चांगले भाजून नऊ भाग धान्याला एक भाग या बेताने दळणात घालावे. दुकानातल्या सोयाबीन वड्या याहून सोप्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात, म्हणजे आपल्या पोराची किमान तूट एवढ्यावरच भरते.

त्याच्या जोडीला ५० ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून (१० ग्रॅम प्रथिने), मूठभर शेंगदाणे (७ ते ८), दोन अंडी (१२ ते १३). रुपयाला किती प्रथिन, असा भाव लावला तर सोयाबीन, हरभरा, शेंगदाणा आणि अंडे ही रांग मटणाच्या फार पुढे आहे. डब्यातल्या पावडरीच्या मागे लागू नये. ती बहुधा दुधाच्या निवळीची असते, वाईट नसते. पण २०२४ साली केरळातल्या डॉक्टरांनी बाजारातले ३६ डबे तपासले तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा खरा नव्हता.

वेळही महत्त्वाची. आमची पोरे पहाटे धावतात, काळा चहा घेतात, शेतात किंवा कॉलेजात जातात आणि दुपारी एकला जेवतात. शरीराला बांधकामाचा माल एकदम एका ट्रकने आलेला नको असतो. दर तीन-चार तासांनी वीसेक ग्रॅम आला तर तो नीट वापरला जातो. धावून आल्यावर लगेच हरभरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा, एवढे तरी पोटात जावे. आणि भाकरी कमी करू नये. एकूण अन्नच कमी पडले तर शरीर प्रथिने जाळून ऊर्जा काढते. सरपण नाही म्हणून घराचे सागवानी दार चुलीत घालावे, तसे ते होते.

मुलींचा प्रश्न याहून कठीण आहे. घरात अंडी आली तर ती ‘भरतीच्या पोराला’ जातात. भरतीची पोर सगळ्यांच्या शेवटी जेवते. तिच्या शरीरातून दर महिन्याला लोह जाते आणि लोह कमी झाले की रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. मग ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय उचलत नाहीत. प्रशिक्षक म्हणतात, जिद्द नाही. पालेभाजी-डाळीतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही, म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जी मुले-मुली दूध, अंडी, मांस यांतले काहीच खात नाहीत, त्यांनी ब-१२ च्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. ते डाळ-भाकरीतून मिळत नाही.

अठराव्या वर्षी भरतीला उभ्या राहणाऱ्या पोराची हाडे आणि स्नायू आठव्या वर्षी घडत असतात, तेव्हा ही चर्चा खरे तर शाळेच्या चुलीपाशी व्हायला हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा दुसरे फळ. कोणावर सक्ती नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला गेला आणि अंडी द्यायचीच तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सदस्य पालक असतात. आपल्या वस्तीतले जे पालक तिथे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत अंड्याचा ठराव लेखी मांडावा, निधी शासनानेच द्यावा असे त्यात स्पष्ट लिहावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी. मसुदा करून द्यायला मी आहे.