धंद्याची गाडी – भाग ७ : पांढरी प्लेट की पिवळी?

नवी गाडी की जुनी, हा वाद गेल्या भागात संपला. जुनीच घ्यायची असं धरून पुढे जाऊ. पाव-खारी दुकानोदुकानी पोचवणारे, डबेवाल्या ताई, फुलवाले, औषधांचे वितरक, केटरिंगची भांडी नेणारे, एसी दुरुस्त करणारे, अशा सगळ्यांची अडचण साधारण एकच असते. माल दुचाकीवर मावत नाही आणि टेम्पो भरेल इतकाही नसतो. वर बंद बॉडी हवी, पेठेतल्या बोळात वळायला हवी, आणि महिनाअखेर नफा तिनेच खाऊन टाकता कामा नये.

ब्रिटनमध्ये यासाठी वेगळी जातच आहे. फिएस्टा किंवा कोर्सासारखी मोटार घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, काचांच्या जागी पत्रा लावायचा, की झाली व्हॅन. कायदाही अशा हलक्या व्हॅनला मोटारीचीच वेगमर्यादा देतो, मोठ्या व्हॅनची कमी मर्यादा तिला लागू होत नाही. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. आपल्या वाट्याला आली ती मारुतीची व्हॅन. १९८४ साली आलेली ७९६ सीसीची ही गाडी पुढे ‘ओम्नी’ झाली, हिंदी सिनेमात अपहरणासाठी बदनाम झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. तिच्या शेजारी २०१० मध्ये ‘ईको’ आली, तीही आधीच्या ‘व्हर्सा’चं साधं, स्वस्त रूप म्हणून. आज जुन्या बाजारात घेण्यासारखी खरी गाडी हीच. ओम्नी आता फार म्हातारी झाली आहे. सर्वांत तरुण ओम्नीलाही बरीच वर्षं उलटून गेलीत आणि पत्रा टिकलेली मिळणं नशिबाचा भाग. ‘छोटा हत्ती’ म्हणजे टाटा एस माल जास्त उचलतो, पण बॉडी उघडी. पाव आणि औषधांच्या उपयोगाचा नाही. वॅगन-आरची मागची सीट पाडून काम भागवणारेही आहेत, पण क्रेट आत-बाहेर करताना कंबर बोलते.

म्हणजे ईको. पण कोणती? जाहिरातीत फोटो सारखेच दिसतात, खरा फरक नंबरप्लेटच्या रंगात असतो.

पाच किंवा सात सीटची, पांढऱ्या प्लेटची, खासगी नोंदणीची ईको बाजारात मुबलक मिळते. ती सांभाळायला सोपी आहे. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मध्ये पासिंगची कटकट नाही, कर एकदाच भरलेला. पिवळ्या प्लेटच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या मालवाहू ‘ईको कार्गो’ला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. तेव्हा बहुतेक जण पांढरी घेतात, मागच्या सीट घरी माळ्यावर टाकतात आणि क्रेट भरून निघतात. एजंटही खांदे उडवून सांगतो, ‘सगळे असंच चालवतात.’ चालवतात, हे खरंच आहे.

पण मोटार वाहन कायद्यातली मालवाहू वाहनाची व्याख्या वाचा. केवळ मालासाठी बांधलेली गाडी तर त्यात येतेच, पण तशी बांधलेली नसलेली गाडी माल वाहण्यासाठी वापरली, तर तीही त्या वेळी मालवाहूच धरली जाते. आता घरातली खासगी मोटारीची विमा पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ असा परिच्छेद शोधा. भाड्याने चालवणं चालणार नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालाची ने-आण चालणार नाही, असं तिथे लिहिलेलं सापडेल. म्हणजे पावाचे क्रेट भरलेली पांढरी ईको खंबाटकी घाटात ठोकली, तर सर्व्हेअर आधी फोटो कशाचा काढेल? क्रेटचा. स्वतःच्या गाडीचा क्लेम तिथेच अडकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल, तर अशा प्रकरणांत न्यायालय बरेचदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वर सीट काढल्यामुळे आरसीवरची आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही, तो दंड वेगळा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रोज माल नेणाऱ्याने पिवळ्या प्लेटची ईको कार्गोच घ्यावी. ती दोन सीटची येते, मागे सपाट जागा मिळते. पासिंगची धास्ती वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली जाते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि ईको त्याच्या निम्म्यावर थांबते. ड्रायव्हरला वेगळं कमर्शियल लायसन्स लागेल, ही भीतीही उरलेली नाही. ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केलं आहे. इलेक्ट्रिशियन किंवा एसीवाले फक्त स्वतःची हत्यारं घेऊन फिरतात, त्यांचं काम थोडं धूसर आहे. त्यांनी पांढरी घ्यायची असेल, तर विमा कंपनीकडून हे चालेल असं लेखी घ्यावं. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

आता इंधन. या गाडीला डिझेल कधी मिळालंच नाही, त्यामुळे निवड पेट्रोल आणि सीएनजीतच. रोज साठ किलोमीटर आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले, तर १,५६० किलोमीटर होतात. माल भरून, थांबत-थांबत, शहरात पेट्रोलवर लिटरला तेरा धरा आणि सीएनजीवर किलोला एकोणीस. कंपनी सीएनजीला सव्वीसच्या पुढचा आकडा सांगते, तो वितरणाच्या कामात विसरून जायचा. पेट्रोल १०५ रुपये आणि गॅस ८० रुपये पकडला, तर पेट्रोलचे १२,६०० होतात आणि गॅसचे साडेसहा हजारांच्या आसपास. महिन्याला सहा हजारांचा फरक जुन्या गाडीच्या हप्त्याला मोठा हातभार लावतो. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. पंप वाटेवर आहे का आणि सकाळी रांग किती असते, हेही त्यात धरा. पाऊण तास रांगेत गेला तर तो धंद्याचाच वेळ. शिवाय टाकी मागच्या जागेत बसते, ती वजा करूनच क्रेट मोजा.

सीएनजीची गाडी घेताना कंपनीने बसवलेला किट आणि बाहेरून बसवलेला किट यांत फार फरक करावा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलेलं हवं, विम्याच्या कागदावरही. टाकीची हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख टाकीजवळच्या पट्टीवर असते. टाकीत गॅसचा दाब २०० बार असतो, तेव्हा तारीख उलटलेली टाकी घेऊन फिरणं म्हणजे जुगार. चांगले पंपवाले अशा गाडीत गॅस भरतही नाहीत.

गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि फोनवर आधीच सांगा, ‘इंजिन गरम करून ठेवू नका.’ तरी बहुतेक ठिकाणी ते गरमच असतं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचला आणि हात लावून बघा. गरम लागलं तर चहा प्या, तासभर थांबा. थंड इंजिन पेट्रोलवर किती सेल्फला उठतं, हीच मोठी परीक्षा. सीएनजीवाले वर्षानुवर्षं पेट्रोलचा काटा रिझर्व्हवर ठेवून चालवतात. मग पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर जाम होतात आणि सकाळी गाडी उठेनाशी होते. म्हणून दोन्ही इंधनांवर दोन-दोन किलोमीटर चालवा. सीट उचललीच आहे, तर ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा पांढुरका थर नाही ना, तेही बघून घ्या. थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. रेडिएटर पुढे आणि इंजिन मध्ये असल्याने पाण्याच्या नळ्या लांब आहेत. एखादी पिचकली, तरी मालकाला पत्ता लागत नाही आणि हेड वाकतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोचं इंजिन बदललं. आधीचं ११९६ सीसीचं होतं, त्याला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. नवं ११९७ सीसीचं इंजिन जास्त ताकदीचं आणि कमी पिणारं आहे, पण त्या गाड्या अजून जुन्या बाजारात भाव खातात.

ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, आणि मोटारीची सवय असलेल्या गिऱ्हाइकाची नजर नेमकी इथेच चुकते. क्लच सोडताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस गेलेत. ती फार मोठी गोष्ट नाही. पण चाळीसच्या पुढे मागून सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर डिफ्रन्शिअल बोलतंय, आणि तो खर्च मोठा असतो. मालवाहू गाडीत हे आवाज लवकर येतात, कारण ती क्षमतेपेक्षा जास्त भरली जाते. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. वजाबाकी करा, त्यातून ड्रायव्हर आणि हमाल वजा करा, उरलं तेवढंच माल. विक्रेता ‘आठशे किलो आरामात नेते’ असं अभिमानाने सांगू लागला, तर त्याने तुमचं काम सोपं केलंय असं समजा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, पायाखालच्या रबरावर ठेवा. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीत क्लचचं रबर गुळगुळीत होत नाही. सरकत्या दाराचे रोलर, मागच्या फळीचे ओरखडे, चटईखालचा पत्रा हे सगळं मीटरपेक्षा खरं सांगतं. किनाऱ्यावर चाललेल्या गाडीत दाराच्या खालच्या रुळात बोटाने खरवडून बघा. कोकणची खारी हवा तिथूनच आत शिरते.

पुराच्या गाड्यांविषयी थोडं जास्त सांगतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथे बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला येऊ शकतात. ईकोचं इंजिन आणि बरीचशी वायरिंग सीटच्या पातळीखाली असल्याने कमरेएवढं पाणीही पुरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरची बाजू स्वच्छ आणि तळाशी चिखलाचा पट्टा दिसला, तर पुढे काही बघायची गरज नाही. सीटच्या रुळावरचा गंज आणि बंद गाडीतला कुबट वास हे उरलेले साक्षीदार. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण तिच्या वायरिंगचा रोग संपतच नाही.

दुसरी स्वस्ताई दिल्लीहून येते. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आल्यापासून म्हाताऱ्या गाड्या इतर राज्यांत पाठवल्या जातात. डीएल नंबरची गाडी घ्यायची तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर एवढं करावं लागतं. हा खर्च धरल्यावर स्वस्ताई बहुतेक उरत नाही.

सुरक्षेबाबत लपवाछपवी नको. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आपटून पाहिली आणि तिला शून्य तारे दिले. ड्रायव्हरच्या पायापुढे फारसं काही नसतं. प्रवासी मोटारींना २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग बंधनकारक झाली. तुम्ही बघताय त्या कार्गोत ती आहे का, हे स्टिअरिंगवर बघून घ्या. ज्याचा रोजचा रस्ता महामार्गाचा आहे, त्याला मी ही गाडी सुचवणार नाही. शहर, तालुका, बाजारपेठ एवढ्यासाठी ती ठीक.

कागद बघताना आधी गाडीवरचा चॅसिस नंबर आरसीशी आकडा-आकडा ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ई-चलन थकलेली आहेत का, ते ऑनलाइन पाहता येतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल, तर एचएसआरपी प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीसोबत येत नाही.

भाव ठरवताना एक ताजी गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी आणि मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी ईको स्वस्त झाली. अनेक विक्रेते मात्र अजून जुन्या किमतीवरूनच टक्के काढतात. शोरूमचा आजचा ऑन-रोड भाव कागदावर लिहून न्या आणि बोलणं तिथून सुरू करा. डीलरकडून घेत असाल, तर त्याने सांगितलेल्या ‘जीएसटी’कडेही बघा. जुन्या गाडीवर तो डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही.

सौदा ठरला की टोकन द्या, पण थोडी रक्कम ट्रान्सफर होईपर्यंत राखून ठेवा आणि तसं लिहून घ्या. ताबा घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही टाका. वेळ सकाळी अकरा असेल, तर त्याआधीचं चलन विकणाऱ्याचं, नंतरचं तुमचं. ट्रान्सफर लवकर होणं विकणाऱ्यालाही सोयीचंच असतं, कारण आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

(पुढच्या भागात : माल भरण्याची रॅक, दोरी आणि जाळी, आणि आरटीओला चालतील असे बदल.)