रोजाची सवलत आणि मुलांची पाठदुखी

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सहेरीला पाठ धरून उठतो. ‘तरावीहला फार वेळ उभा राहिलास, म्हणून दुखत असेल,’ म्हणत अम्मी मलम चोळते. दोन आठवडे जातात. एके दिवशी वुजू करून उठताना त्याचा पाय लटपटतो. कोणत्याही घरात घडू शकेल असा हा प्रसंग. त्यातले ते दोन आठवडे कधी कधी फार महाग पडतात.

मुलांची पाठदुखी बहुतेक वेळा साधी असते. मात्र मणक्यात क्वचित कर्करोगाची गाठही होते. ‘युइंग सार्कोमा’ हा त्यापैकी एक. अमेरिकेतील डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो प्रामुख्याने दहा ते वीस या वयात आढळतो. रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी, पायांतला अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. गाठ मज्जारज्जूवर दाब देत असेल, तर उपचाराला तासांचे मोल असते. चालणे थांबण्याआधी दाब काढला, तर पाय वाचण्याची शक्यता अधिक असते.

आपल्याकडे मणक्याचा क्षयही बराच आढळतो. त्यामुळे एक्स-रे पाहून केवळ अंदाजाने औषधे सुरू होण्याचा धोका असतो. एमआरआय आणि गाठीचा तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी, याशिवाय खात्री होत नाही. पुढे केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन असे उपचार अनेक महिने चालतात. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांवर उपचार करत आहे. त्याच्याच खारघर केंद्रात आता प्रोटॉन किरणोपचारही होतात. त्यात आजूबाजूच्या निरोगी अवयवांना कमी किरणे लागतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

अशा मुलाला आणखी एक दुःख असते, ते रोजा सुटल्याचे. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाचा आदेश आला आहे, तिथेच आजारी माणसाला सवलतही आली आहे. बालिग होण्याआधी तर रोजा फर्जच नाही. म्हणून औषधाची गोळी घेणारे मूल कुणाचाही गुन्हेगार नाही, हे घरातल्या मोठ्यांनी त्याला स्पष्ट सांगावे.

इयादत म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, ही सुन्नत आहे. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा घरी गर्दी करू नये, कापून ठेवलेली फळे नेऊ नयेत. मुलाला ताप आला, तर इफ्तारपर्यंतही न थांबता रुग्णालय गाठावे.

राहिला जकातचा प्रश्न. सूरह तौबामध्ये जकातचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जदार आहेत, मुसाफिरही आहेत. बीड-नांदेडहून उपचारासाठी मुंबईत येऊन राहिलेले कुटुंब अनेकदा एकाच वेळी हे तिन्ही असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा कुटुंबांना जात-धर्म न विचारता आसरा मिळतो. खोलीभाडे, प्रवास, औषधे यांपैकी एखादा खर्च मोहल्ल्याने उचलला, तर उपचार अर्धवट सुटत नाहीत.

आणि मगरिबची अजान झाली की दस्तरखानावर त्या मुलालाही बसवावे. त्याचा रोजा नसला, तरी पहिली खजूर त्याच्या हाती द्यावी.