वाळूतलं बेणं

अण्णा डिसेंबरात आमच्याकडे शारजाला आले, तेव्हा हळदीच्या काढणीला अजून अवकाश होता. सांगलीजवळचं शेत सोडून ते एवढ्या लांब पहिल्यांदाच आलेले. उंच इमारती त्यांनी दोन दिवसांत बघून संपवल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "हितं जनावरं न्हाईत काय गं कुठं?"

माझ्या आठ वर्षांच्या लेकीने ते ऐकलं मात्र, तिने आजोबांना आधी दुबईच्या 'ग्रीन प्लॅनेट'लाच न्यायचं ठरवून टाकलं. सिटी वॉक भागातली ही काचेची इमारत २०१६ साली सुरू झाली. आत विषुववृत्ताकडचं पावसाळी जंगल उभं केलंय. मधोमध एक प्रचंड कृत्रिम झाड आहे. लिफ्टने त्याच्या शेंड्यापर्यंत जायचं आणि पक्षी, सरडे, मासे बघत बघत वळणावळणाने खाली यायचं. झाडं आणि प्राणी मिळून तीन हजारांच्या वर. दारातून आत पाऊल टाकताच अण्णांचा चष्मा धुकटला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "आंबोलीला आल्यागत वाटतंय." डोक्यावरच्या फांदीला स्लॉथ लटकलेला होता. तो कधी हलतोय याची वाट बघत आजोबा आणि नात बराच वेळ माना वर करून उभे होते. लहान मुलांसाठी ही जागा फार चांगली, आणि उन्हाळ्यात तर हक्काचा आसरा.

पण मला अण्णांना दाखवायचं होतं ते अल ऐन. पुढच्या शनिवारी सकाळी लवकर निघालो. ओमानच्या सरहद्दीला लागून हे खजुराच्या बागांचं गाव, आणि जबल हफीतच्या पायथ्याशी इथलं प्राणिसंग्रहालय. शेख झायेद यांनी ते १९६८ साली सुरू केलं. सहा अमिरातींचा मिळून देश झाला तो २ डिसेंबर १९७१ रोजी; सातवी नंतर येऊन मिळाली. म्हणजे देश जन्मायच्या तीन वर्षं आधी इथं जनावरांसाठी जागा राखून ठेवलेली होती.

खरं सांगायचं तर प्राणिसंग्रहालय हा शब्द मला बरीच वर्षं नकोसा वाटायचा. शाळेच्या सहलीत एका पिंजऱ्यात अस्वल बघितलं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, तेवढ्याच पावलांत ते सारखं ये-जा करत होतं. फरशीवर त्याच्या पायांची वाट पडली होती. ती वाट मी विसरले नाही. त्यामुळे लेक झाल्यावरसुद्धा तिला अशा ठिकाणी न्यायला माझं मन घेत नव्हतं. ते बदललं एका पांढऱ्या जनावरामुळे.

अरबी ओरिक्स, इथल्या भाषेत 'अल महा'. आम्ही पोचलो तेव्हा सात-आठ जनावरं घाफच्या झाडाच्या सावलीत बसलेली होती. अंग पांढरंशुभ्र, पाय मात्र काळपट, जणू चिखलातून चालत आलेलं. सरळ, लांब शिंगं नर-मादी दोघांनाही. एका मादीने पुढच्या खुरांनी वाळू उकरली, वरचा तापलेला थर बाजूला सारला आणि खालच्या गार मातीत पोट टेकलं. अण्णा कुंपणाला धरून बघत राहिले. "म्हशीसारखं डोकं चालतं हिचं," ते म्हणाले. पांढरा रंग ऊन परतवतो, पसरट खूर वाळूत रुतत नाहीत. प्यायचं पाणी दिवसच्या दिवस मिळालं नाही तरी पाल्यातल्या ओलाव्यावर हे जनावर निभावून नेतं. अशा तयारीच्या प्राण्याला वाळवंटाने कधीच मारलं नसतं. मारलं ते मोटारीतून पाठलाग करणाऱ्या बंदुकांनी. १९७२ साली ओमानमध्ये शेवटची रानटी जनावरं मारली गेली आणि मोकळ्या वाळवंटातली त्यांची संख्या शून्यावर आली.

तरीही ती आज आहेत, कारण काहींना ही वेळ येणार हे आधीच दिसलं होतं. १९६२ साली एका ब्रिटिश संस्थेच्या मोहिमेने अरबस्तानच्या दक्षिणेला काही ओरिक्स पकडले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली आणि कुवेत व सौदी अरेबियाच्या राजघराण्यांनी पाळलेली जनावरं त्यात मिळवली आणि अमेरिकेत फिनिक्सला नऊ जनावरांचा कळप उभा राहिला. इकडे अरबस्तानात पाळलेले काही कळप होतेच. अल ऐनचा त्यांतलाच.

हे मी अण्णांना सांगत होते. त्यांनी मध्येच हात वर केला. "म्हंजी बेणं राखलं म्हण की!"

मी इतकी वर्षं ज्या शब्दासाठी अडले होते, तो त्यांनी सहज दिला. हळद काढली की त्यातले ठसठशीत गड्डे आमच्याकडे वेगळे काढतात, झाडाच्या सावलीत ढीग लावतात आणि हळदीच्याच पाल्याने झाकून ठेवतात. भाव कितीही चढो, घरात कितीही नड असो, त्या ढिगाला हात लावायचा नाही. आई तर आम्हा पोरांना त्याच्या आसपास खेळूही द्यायची नाही.

"पण अण्णा, नवाचंच बेणं," मी म्हटलं. "सगळी भावंडंच की!"

"मग गोत्र बघून लगीन लावत असतील."

अगदी तेच करतात. कोणता नर, कोणती मादी, आईबाप कोण, याची जगभरच्या प्राणिसंग्रहालयांची मिळून एक वंशावळ ठेवलेली असते, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांसारखी. जवळच्या रक्तात वीण होऊ नये म्हणून जनावरं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवली जातात.

१९८२ साली ओमानमध्ये पहिला कळप मोकळा सोडला. अबू धाबीने २००७ मध्ये दक्षिणेकडच्या उम्म अल झुमूलच्या वाळूत आपले ओरिक्स सोडले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत हा प्राणी एक पायरी सावरला: 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित'वर. निसर्गातून पुरता नाहीसा झालेला प्राणी एवढा सावरल्याचं ते पहिलंच उदाहरण. मात्र ओमानमध्ये पुन्हा चोरटी शिकार झाली, तिथल्या ओरिक्स अभयारण्याचा बहुतेक भाग काढून घेतला गेला आणि २००७ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून वगळलं. यादीतून नाव काढलं गेलेली ती जगातली पहिली जागा. बेणं चांगलं असून रान राखलं नाही तर काय होतं, ते अण्णांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुपारी जिराफांना पाला भरवणं झालं. जिराफाची काळपट-जांभळी जीभ हाताला लागली तेव्हा लेक किंचाळली आणि लगेच दुसरं पान मागायला धावली. ऊन चढल्यावर शेख झायेद वाळवंट अभ्यास केंद्राच्या गारव्यात बसलो. मुलांना घेऊन जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत जा, पायात चांगले बूट घाला आणि सगळं एका दिवसात उरकायचा अट्टहास सोडा. वाळवंटी मांजर मात्र चुकवू नका. तिच्या तळव्यांना केस असतात, म्हणून तापल्या वाळूतही पाय भाजत नाहीत.

परत येताना लेकीच्या मुठीत पंचवीस फिल्सचं नाणं होतं, आपली पावली म्हणा. त्यावर हरणाचं चित्र असतं. ते आजोबांना दाखवत तिने विचारलं, "आपल्याकडचं कुठलं जनावर संपलंय का हो आबा?"

मी तिला माळढोकाचं सांगितलं. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, पण पक्षी बोटांवर मोजण्याइतकेही दिसेनासे झाले. आता राजस्थानात २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. त्या कामात अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीची मदत झाली आहे. हुबारा हा माळढोकाचा अरबी चुलतभाऊ, आणि त्याची हजारोंनी वीण करण्याचं तंत्र इथल्या लोकांनी बसवलेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्मलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मामाच्या गावाला जाताना बघितलाय मी. माळावर उभा होता. बैलगाडी थांबवली तरी हलला न्हाई."

"केवढा होता?"

घरी पोचल्यावर, गाडीतून उतरून, त्यांनी हात आडवा धरला, कमरेच्या जरा वर. लेक त्या हाताखाली जाऊन उभी राहिली. तिचं डोकं तळव्याला लागलं, तशी ती थोडी वाकली.