डार्सी, उखाणा आणि सातबारा

लग्नात 'हटके' काय करायचं, हा प्रत्येक सीझनचा यक्षप्रश्न! खोपोलीजवळ शिळफाट्याला झालेल्या माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्याचं झकास उत्तर मिळालं. थीम होती चक्क जेन ऑस्टिन. रुखवतात चिरोट्यांशेजारी तिच्या कादंबऱ्या, पंगतीतल्या टेबलांना 'पेम्बर्ली', 'लाँगबर्न' अशी नावं. अंतरपाटावर एका बाजूला 'प्राइड', दुसऱ्या बाजूला 'प्रेज्युडिस'. तो दूर झाला की दोन्ही गायब! आणि नवरीचा उखाणा : 'घाटात धुकं, खोपोलीत सरी, डार्सी राहो पुस्तकात, हाच बरा घरी!'

पण १८१३ची ही कादंबरी म्हणजे नुसती लव्हस्टोरी नाही हं. बेनेटांना पाच मुली, इस्टेट मात्र जाणार कॉलिन्स नावाच्या भाऊबंदाला. एलिझाबेथ त्याला नकार देते. २७ वर्षांची शार्लट मात्र डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्याच्याशीच लग्न करते. खुद्द ऑस्टिनने १८०२ मध्ये एका श्रीमंत स्थळाला होकार दिला आणि दुसऱ्याच सकाळी मोडता घातला. ती शेवटपर्यंत अविवाहितच राहिली.

आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यात बदल करून महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. तरी लग्न ठरलं की 'भावासाठी एवढी सही कर' म्हणत हक्कसोडपत्र पुढे येतंच. माझ्या मैत्रिणीपुढेही आलं. तिने सही केली नाही. घरात महिनाभर अबोला होता.

लग्नात कानपिळीला भाऊ आला, नवरदेवाचा कान जरा जोरातच पिळला आणि बहिणीकडे बघून हसला. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत.